ज्वारीच्या पोत्यातला लॅपटॉप

नागोराव मास्तर वर्गाकडं पाठ करून बसायचे.

महागावच्या बसस्टँडमागं पीठगिरणीच्या वरच्या खोलीत धरमसिंगची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. खाली गिरणी चालू, वर अकरा मशीन चालू, आणि मास्तरांचं तोंड खिडकीकडं. तरी मधूनच त्यांचा आवाज यायचा, "ए चार नंबर, करंगळी झोपली तुही. उठव तिले."

चार नंबरवरची पोरगी दचकून कागद पाहायची. एक अक्षर खरंच गळालेलं असायचं.

ही त्यांची शिकवायची रीत होती. ठोका ऐकायचा. अकरा मशीनच्या खडखडाटात कोणत्या पोराचं कोणतं बोट लंगडतंय हे त्यांना पाठमोरं कळायचं. स्वतः टाइप करतानाही ते ना बोटांकडं पाहत ना कागदाकडं. खिडकीतून बसस्टँडवरच्या गाड्या पाहत राहायचे आणि इकडं पान भरत जायचं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डोये कायले लागतात बाप्पा? ठोका पडला का अक्षर पडलं. ठोका नाइ त अक्षर नाइ."

अंगानं शिडशिडीत. पांढरा बुशशर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. सहा किलोमीटरवरच्या गावावरून सायकलनं यायचे. मॅट्रिक झाल्यावर पुसदला एका वकिलाच्या ऑफिसात झाडलोट करता करता त्यांनी टायपिंग शिकून घेतलं होतं. क्लार्कची नोकरी लागेल म्हणून वाट पाहिली, वय निघून गेलं. मग धरमसिंगकडं आले ते बावीस वर्षं राहिले. तहसीलमध्ये, पंचायत समितीत, पुसदच्या कोर्टात त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं बसलेली होती. आम्ही कुणी दाखल्यासाठी तहसीलला गेलो, की मास्तरांचं नाव सांगायचो. तेवढ्यानं खुर्ची मिळायची. मास्तर स्वतः मात्र तिथं कधी गेले नाहीत. "माह्या पोट्ट्यायले लाज वाटीन, माह्यासमोर बसून राहाले," म्हणायचे.

मग सरकारनं हातमशीनवरची परीक्षा बंद केली. पुढची परीक्षा कॉम्प्युटरवर. धरमसिंगनं अकरा मशीन भंगारवाल्याला दिल्या आणि खोलीला कुलूप घातलं. कॉम्प्युटरचं सेंटर काढायचं तर नवी मंजुरी, नवं फर्निचर, वायरिंग. सहा-आठ महिने जातील म्हणाला.

"पन मास्तर, शिकवणार तुमीच," त्यानं सांगून टाकलं. "तपासनीस येइन. शिकवनाऱ्या मानसाले त्याच्यासमोर टाइप करून दाखवा लागते, मिनिटाले चाळीस शब्द. तुमाले काय, तुमी झोपीत करसान."

"झोपीत साठ करतो," मास्तर म्हणाले. "जागेपनी चाळीस म्हंजे थांबत थांबत करा लागीन."

ते २०१७ साल होतं. त्या वर्षी आमच्याकडं कपाशी माणसाच्या डोक्यावरून गेली. पाऊस थांबून थांबून आला, झाडं नुसती उंच वाढली आणि बोंडात गुलाबी अळी शिरली. जो तो फवारणी करून राह्यला होता. फवारणीला माणसं मिळेनात. रिकामे बसलेले मास्तर गावातल्या वामनरावाच्या वावरात पाठीवर पंप घेऊन गेले. त्यांनी याआधी पंप धरला नव्हता असं नाही, पण गुडघ्याएवढ्या कपाशीत धरलेला. आता कपाशी वर आणि माणूस खाली. नळी तोंडाच्या रेषेत धरायची, आणि जे उडेल ते वाऱ्यानं आपल्याच अंगावर.

अकराव्या दिवशी दुपारी ते बांधावर बसले आणि त्यांना समोरचा बैल दिसेना. मग उलट्या. वामनरावानं मोटारसायकलवर मधात बसवून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. त्या दिवसांत तिथं खाटा पुरत नव्हत्या, वऱ्हांड्यात गाद्या टाकल्या होत्या, सगळे फवारणीवालेच. काही घरी परत आले नाहीत. मास्तर सहाव्या दिवशी आले. डोळे साफ झाले होते, जेवण जाऊ लागलं होतं. बायको सत्यशीला विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली आणि तिनं पंप वामनरावाच्या दारात नेऊन ठेवला. "दादा, हा पुन्ना आमच्या घरी धाडू नका," एवढंच बोलली.

पंधरा दिवसांनी दसरा आला. धरमसिंगचा नवा लॅपटॉप दसऱ्याच्या आदल्या दिवशीच यवतमाळहून आला होता. बाकीचे कॉम्प्युटर मंजुरीनंतर येणार होते, हा पहिला, तपासणीचा. आता दसरा म्हणजे हत्यारांची पूजा. ट्रॅक्टरची होते, शिलाई मशीनची होते, बावीस वर्षं टायपिंग मशीनची होत आली. धरमसिंगची म्हातारी आई, जिला सगळा तांडा याडी म्हणायचा, तिनं लॅपटॉप उघडून पाटावर मांडायला लावला. हळद-कुंकवाची बोटं उमटवली, तांदूळ टाकले आणि वर नारळ फोडला. पाण्याची चिळकांडी उडून बटणांवर गेली. धरमसिंगनं धोतरानं पुसली. "मशीनले कुठं काय झालतं आजलोक," याडी म्हणाली.

मास्तर पूजेला नव्हते. दसऱ्याला ते दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. यंदा पायात ताकद वाटत नव्हती म्हणून गावातल्याच विहारात गेले. तिसऱ्या दिवशी महागावला आले, तेही एस.टी.नं. सायकलचं पॅडल पायाखाली राहत नव्हतं. अशक्तपणा असेल म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

लॅपटॉपसमोर बसले, मनगटं सोडली, खिडकीबाहेर पाहिलं आणि सुरू झाले. स्क्रीनवर भलतंच उमटलं. एका अक्षराचा दुसऱ्याशी मेळ नाही.

"हे कोनती भाषा हाये?" धरमसिंग वाकून पाहू लागला.

दोघांनी पुसदच्या अमरला फोन लावला. अमरचं तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यानंच हा लॅपटॉप सुचवला होता. तो फोनवर हसला. "काका, मराठी चालू हाये, पन बटनाची मांडनी दुसरी हाये. तुमची जुनी टायपरायटरची मांडनी निवडा लागते." कुठं जायचं, काय दाबायचं हे त्यानं सांगितलं. धरमसिंग एका बोटानं दाबत गेला. दोनदा इंग्रजी झालं, एकदा स्क्रीन आडवी झाली, एकदा अक्षरांच्या जागी नुसते आकडे यायला लागले. त्या आकड्यांसाठी पुन्हा फोन. "कोपऱ्यातलं आकड्याचं बटन चालू राह्यलं असन," अमर म्हणाला. ते बंद केलं. दुपारी दोन वाजता मास्तरांच्या ओळखीची मांडणी हाताखाली आली.

"आता सोडा गाडी," धरमसिंग म्हणाला.

मास्तरांना परीक्षेचा एक जुना उतारा पाठ होता, ग्रामीण भागातल्या सहकारी संस्थांवरचा. बावीस वर्षं तोच पहिला द्यायचे. डोळे खिडकीकडं, बोटं चालू. पान भरल्यावर धरमसिंग मोठ्यानं वाचू लागला आणि थांबला.

"मास्तर, हे 'हकारी था' काय हाये? सहकारी संस्था म्हना ना. आन खाली पाहा, शतकरी. मात्रा कुठं गेली, टिंब कुठं गेले?"

मास्तरांनी वाकून पाहिलं. अनुस्वार बहुतेक गळाले होते. एक मात्रा आली तर दोन गेल्या. 'स' कुठं होता, कुठं नव्हता. त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तसंच, फक्त गळती वेगळ्या ठिकाणी.

"मी दाबून पाह्यतो," म्हणून धरमसिंगनं अंगठ्यानं एकेक बटण दाबलं. सगळी अक्षरं आली.

"तुमी दाबलं त येते. मी दाबलं त येत नाइ," मास्तर म्हणाले. "कधी येते, कधी नाइ. लूज हाये हे."

धरमसिंगचा चेहरा उतरला. नारळ त्याच्या घरचा होता. "पानी गेलं, मास्तर. याडीच्या नारयाचं पानी गेलं आतमधी. साखर असते ना त्याच्यात, चिकट झालं असन."

तेव्हापासून त्या दोघांच्या मनात दुसरं काही आलंच नाही. मास्तरांची ऐकायची सवय इथं उपयोगी नव्हती. लॅपटॉपची बटणं दाबली काय, न दाबली काय, आवाज सारखाच, म्हणजे नाहीच. आपलं बोट बटणावर पडलं की बाजूला, हे सांगणारा ठोका नव्हता.

धरमसिंगनं उपाय सुरू केले. आधी लॅपटॉप उन्हात ठेवला. मग कुणी सांगितलं मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात. धरमसिंगच्या घरी तांदूळ पावशेरही नव्हता. तांड्यात तांदूळ कोण साठवतो? म्हणून त्यानं लॅपटॉप फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या पोत्यात पुरला. दोन दिवसांनी काढला तर एन्टरच्या बाजूला एक दाणा अडकलेला. तो दाभणानं काढताना बटणाचा कोपरा तुटला.

"तुमी आता हात लावू नका त्याले," मास्तर म्हणाले. "उद्या म्हनसान, कुकरात शिजवून पाहू."

"मी काय मुद्दाम करून राह्यलो काय?" धरमसिंग चिडला. तपासणी नोव्हेंबरात होती. मास्तरांच्या बोटाखाली मशीन चांगली पाहिजे, याचीच त्याला काळजी होती. त्यानं लॅपटॉप पुसदला अमरकडं धाडला. दिवाळीचे दिवस. अमरचा फोन आला, बटणांची पाटी नवी टाकलेली बरी, नागपूरहून मागवतो, सणानंतर येईल.

तीन आठवडे गेले.

घरी सत्यशीलाला वेगळं दिसत होतं. सकाळी शर्टाच्या गुंड्या लावायला मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे राहत, आणि बराच वेळ उभेच राहत. एके दिवशी तिनं त्यांना फिरवलं आणि स्वतः गुंड्या लावल्या. "लहान झाले काय हो तुमी?" मास्तर हसले. एकदा बाजारातून आले तर एका पायात चप्पल नाही. "कुठं ठेवली?" तिनं विचारलं. त्यांनी खाली पाहिलं तेव्हा त्यांना कळलं. परत रस्त्यानं चप्पल शोधत गेले.

"दवाखान्यात चाला," ती म्हणाली.

"कमजोरी हाये. भाकर वाढव दोन घास. तपासनी झाली का जाऊ."

"तपासनी मशीनची हाये का तुमची?"

"एकच हाये ते," मास्तर म्हणाले.

दिवाळीनंतर अमरचा फोन आला आणि मास्तर आणि धरमसिंग पुसदला गेले. अमर तीस-बत्तीसचा. त्यानं लॅपटॉप समोर ठेवला. नवी पाटी बसवली होती. त्यानं स्वतः भराभर एक परिच्छेद टाइप करून दाखवला. एक अक्षर गळालं नाही.

"पह्यलीच पाटी चांगली होती, काका," तो म्हणाला. "तपासली मी. पानी-बिनी काहीच नव्हतं आत. तुमी म्हनता म्हनून बदलून देली."

"काहीच नव्हतं?" धरमसिंगनं विचारलं.

"काहीच. बसा काका, तुमी टाइप करा बरं."

मास्तर बसले. खिडकी नव्हती, समोर चार्जर टांगलेली भिंत होती. भिंतीकडं पाहत त्यांनी तोच उतारा सुरू केला. धरमसिंग स्क्रीनकडं पाहत होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळत होतं. अमर स्क्रीनकडं पाहत नव्हता. तो मास्तरांच्या हातांकडं पाहत होता.

"थांबा," तो म्हणाला. "काका, हे कडेचे बोटं तुमचे बटनाले लागूनच नाइ राह्यले. हवेत चालले."

"कोनते?"

"दोन्ही हाताचे. करंगळी आन बाजूचं." मग त्यानं आवाज खाली आणला. "डोळे मिटा एक मिनिट." त्यानं पेनाचं टोपण घेतलं आणि मास्तरांच्या डाव्या करंगळीच्या टोकाला लावलं. "कोनत्या बोटाले लावलं सांगा."

"लाव ना मंग," मास्तर म्हणाले.

"लावलं, काका."

मास्तर डोळे मिटून बसले होते. अमरनं टोपण जोरानं दाबलं. मग दुसऱ्या बोटाला. मग उजव्या हाताला. मधल्या बोटाला लावलं तेव्हा मास्तर म्हणाले, "आता थोडंसं काही लागलं." त्यांनी डोळे उघडले आणि टोपण कुठं आहे ते पाहिलं. मग हात मांडीवर घेतले.

धरमसिंग बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसला.

"माह्या मामाले साखर होती, त्यायचं असंच झालं होतं, म्हनून ठावं हाये," अमर म्हणाला. "तुमाले साखर हाये काय?"

"नाइ," मास्तर म्हणाले. "मी फवारलं होतं."

त्याच दिवशी तिघं पुसदमधल्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं पाय पाहिले, हात पाहिले, रबरी हातोडी मारली. बोलणारा माणूस होता, समजावून सांगत होता. विष अंगातून निघून जातं, माणूस बरा होऊन घरी येतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी नसांवर त्याचं काम दिसायला लागतं, पायाच्या आणि हाताच्या टोकाकडून. नसा काही महिन्यांत थोड्या भरून येतील. किंवा येणार नाहीत. हळू टाइप करता येईल, डोळ्यांनी पाहून. वेग येणार नाही.

"डॉक्टरसाब," धरमसिंगनं विचारलं, "तीन हप्ते पयले आनलं असतं त?"

"औषध, व्यायाम लवकर सुरू झालं असतं. फरक किती पडला असता, ते मी सांगू शकत नाही. कदाचित नसताही पडला."

धरमसिंगला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. एस.टी.त तो मास्तरांच्या बाजूला बसून म्हणत राहिला, "नारय मी फोडला. पोत्यात मी ठेवला. मी मशीनले औषीद देत बसलो, आन मानूस..."

"धरमभाऊ," मास्तर म्हणाले, "त्या डॉक्टरनं नसताही पडला म्हटलं. ते काहून आयकत नाइ तुमी?"

धरमसिंग म्हणाला, तपासणीच्या दिवशी तब्येतीचं सांगू. मास्तर म्हणाले, तपासनीस पुढची तारीख देईल ती उन्हाळ्यात, तोवर बॅच दुसऱ्या सेंटरला जाईल. धरमसिंग म्हणाला, मग तुम्ही खुर्चीवर बसा, टाइप दुसरं कुणी करील, तपासनीस चहा पीत असतो, पाहत नाही. मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं. धरमसिंगनं तो विषय पुन्हा काढला नाही.

चार दिवसांनी मास्तर स्वतः मोनालीच्या घरी गेले. पाच वर्षांपूर्वी त्यांच्याकडं शिकलेली, आता महागावातच दिलेली, कडेवर लेकरू. तिच्या सासूला त्यांनी हात जोडले. पुढचे दहा दिवस सकाळी दोन तास मोनाली गिरणीवरच्या खोलीत येऊन टाइप करायची आणि मास्तर बाजूला स्टुलावर बसून तिच्या बोटांकडं पाहायचे. खिडकीकडं नाही, बोटांकडं. बावीस वर्षांत शिकवलेलं सगळं तिला द्यायचं होतं. कोणतं पोर कशानं घाबरतं. पहिल्या महिन्यात वेग मागायचा नाही. मनगट टेकू द्यायचं नाही. तिला काही विचारावंसं वाटायचं, पण त्यांचे हात मांडीवर उताणे पडलेले पाहिले की ती पुन्हा टाइप करू लागायची. सत्यशीलानं मला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "त्या दिवसात ते घरी येऊन जेवायचे, आन झोपायचे. एकदाही बोल्ले नाइ का मले दुखते. दुखतच नव्हतं ना त्यायले."

तपासनीस आला तो दुपारी तीनला, चार तास उशीर करून, सोबत एक फाइलवाला. धरमसिंगनं जागा दाखवली, वायरिंग दाखवलं, आग विझवायचा लाल डबा दाखवला. मास्तर धुतलेला बुशशर्ट घालून दाराजवळ भिंतीला लागून उभे होते.

"शिकवणार कोण?" तपासनीसानं विचारलं.

धरमसिंगनं मास्तरांकडं पाहिलं.

"हे मॅडम," मास्तर म्हणाले, आणि मोनालीला खुर्चीकडं हात केला.

मोनाली बसली. फाइलवाल्यानं घड्याळात पाच मिनिटं लावली. खोलीत काहीच वाजत नव्हतं, खाली गिरणीही बंद होती. मास्तर भिंतीशी उभे राहून तिच्या हातांकडं पाहत होते. वेळ संपल्यावर फाइलवाल्यानं मोजून सांगितलं, त्रेचाळीस. चुका दोन.

"चांगलं आहे," तपासनीस म्हणाला आणि कागदावर लिहू लागला. लिहिता लिहिता त्यानं दाराकडं पाहिलं. "आपण?"

धरमसिंग पुढं झाला. "साहेब, हे आमचे..."

"मी पाहाले आलतो," मास्तर म्हणाले.

तपासनीसानं मान हलवली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. "जरा पाणी आणा बरं," तो म्हणाला, वर न पाहता.

मोनाली खुर्चीवरून उठलीच. मास्तरांनी तिला डोळ्यांनी बसवलं. कोपऱ्यातल्या माठापाशी गेले. गडव्यानं ग्लास भरला, अर्धाच. मग दोन्ही तळवे ग्लासाला दोन्ही बाजूंनी लावून, त्याच्याकडं पाहत, एकेक पाऊल टाकत ते टेबलापर्यंत आले, आणि ग्लास कागदांपासून लांब ठेवला.